पस्तीस मिलिमीटर, काठावर पास

आपल्याकडे कॅमेऱ्याचे दोनच प्रकार आहेत. एक मोबाईल आणि दुसरा 'परमिशन आहे का?'

दुसऱ्या प्रकारातला कॅमेरा गळ्यात अडकवून कुठल्याही बागेच्या, मॉलच्या किंवा सोसायटीच्या फाटकाशी जा. खुर्चीत पेंगणारा रखवालदार ताडकन उभा राहतो. त्याच्या नोकरीत उभं राहण्याचे प्रसंग फार येत नाहीत, त्यातला एक तुम्ही त्याला मिळवून दिलेला असतो. "साहेब, कॅमेरा अलाऊड नाही." तेवढ्यात शेजारून एक कॉलेजकुमार आत जातो. त्याच्या हातात दोनशे मेगापिक्सेलचा फोन, फोनखाली हात थरथरू नये म्हणून मोटर लावलेली दांडी, कॉलरला माइक आणि मागे गोल दिवा धरून चालणारा मित्र. आपण निमूटपणे त्या वरातीकडे बोट दाखवतो. रखवालदार आपल्याला लहान मुलाला समजवावं तसं समजावतो, "तो मोबाईल आहे हो. मोबाईल चालतो." या युक्तिवादावर आजवर कुणालाही अपील करता आलेलं नाही. तिकीट खिडकीवरही हाच कायदा. पाटीवर प्रौढ, मुलं, कॅमेरा, व्हिडिओ कॅमेरा असे वेगवेगळे दर रंगवलेले असतात आणि मोबाईल मात्र कडेवरच्या पोरासारखा फुकट.

मी रस्त्यावर आणि प्रवासात फोटो काढतो. पोटासाठी नाही, पोटाचं बँकेत बघितलं जातं. कॅमेरे आणि लेन्सा यांच्यावर जे जे छापून येतं ते मी भक्तिभावाने वाचतो, आणि माझं असं मत झालं आहे की ते सगळं निर्मनुष्य रस्त्यावर बसून लिहिलेलं असतं. त्यात कॅमेऱ्याचं वजन ग्रॅममध्ये देतात, सेन्सरचं माप मिलिमीटरमध्ये देतात, बॅटरी किती फोटो टिकते तेही देतात. पण हा कॅमेरा बघून समोरचा माणूस काय विचारील, हे कुठेच नसतं. आपल्या रस्त्यावर कॅमेरा निवडायचा तो त्यावरून.

पुढे पांढरी, हातभर लांब लेन्स लावलेला मोठा कॅमेरा असेल तर प्रश्न येतो, "कुठल्या पेपरात येणार?" हल्ली पेपरची जागा चॅनेलने घेतली आहे. "कुठल्याच नाही, असंच काढतोय," हे खरं उत्तर कधीही देऊ नये. तोवर समोरच्याने केसांवरून हात फिरवलेला असतो, शर्टाचं वरचं बटण लावलेलं असतं आणि नाक्यावरच्या खड्ड्याबद्दल दोन जळजळीत वाक्यं तयार केलेली असतात. असंच कुणी कुणाचे फोटो काढतं का? मग त्याला संशय यायला लागतो. पालिकेचा सर्व्हे आहे का, बिल्डरचा माणूस आहे का, अतिक्रमणवाले येणार आहेत का. मधल्या आकाराचा कॅमेरा असेल तर विचारतात, "लग्नाच्या ऑर्डरी घेता का?" आणि लगोलग, "अल्बमसकट किती?" कॅमेरा अगदी छोटा असेल तर कुणी काही विचारत नाही. फार तर एखादा ज्येष्ठ नागरिक हळहळतो, "अजून मिळतात का हो असे? यात रोल कुठला घालता?"

पहिल्या प्रश्नापासून तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचणं, यालाच रस्त्यावरच्या फोटोग्राफरची वाटचाल म्हणतात. ही वाटचाल बरीच खर्चिक असते, कारण कॅमेरा जितका छोटा तितका तो कमी पैशांत मिळेल अशी घरच्यांची समजूत असते आणि कंपन्यांची नसते.

छोट्या कॅमेऱ्याचा जन्म एका आजारी माणसाच्या कुरकुरीतून झाला. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे गृहस्थ नोकरीला होते. त्यांना डोंगरात हिंडायचा नाद, फोटोंचा नाद आणि जोडीला दमा. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई आणि काचेच्या प्लेटा. दमेकऱ्याने तो चढावर न्यायचा कसा? बार्नाकसाहेबांनी सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म आडवी सरकवली आणि कोटाच्या खिशात मावेल एवढं यंत्र बनवलं. १९१४ च्या सुमाराला नमुना तयार झाला. मध्ये महायुद्ध आडवं आलं आणि १९२५ साली 'लायका' बाजारात आला. २४ बाय ३६ मिलिमीटरची ती चौकट आज 'फुल फ्रेम' या भारदस्त नावाने विकली जाते. दमेकऱ्याच्या सोयीसाठी निघालेल्या त्या चौकटीपुढे नंतरच्या मंडळींनी दीड किलोची झूम लावली. आता धडधाकट फोटोग्राफरांना धाप लागते.

नवशिक्या फोटोग्राफरची बॅग एकदा उघडून बघावी. लोणावळ्याला एका दिवसासाठी जाताना ज्या घरातून दशम्या, चटणी, लिंबाचं लोणचं, अमृतांजन, सुईदोरा आणि जादा नाडी निघते, त्याच घरातला हा मुलगा असतो. घरात 'असू दे, लागलं तर' हे एकच तत्त्वज्ञान पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. त्यामुळे बॅगेत दोन बॉड्या, कारण एक ऐनवेळी बंद पडली तर. इमारतींसाठी सोळा-पस्तीस, माणसांसाठी चोवीस-सत्तर, लांबच्या माणसांसाठी सत्तर-दोनशे, अंधार पडला तर पन्नास. बोरीबंदरला एखादं फूल दिसलंच तर मॅक्रो. फ्लॅश, तिपाई, फिल्टर, तीन बॅटऱ्या, चार्जर, धूळ उडवायचा रबरी भोपू, ब्रश, मऊ फडकं, पावसाची टोपी. माणसाला नाही, कॅमेऱ्याला. एवढं भरून जागा उरली तर पाण्याची बाटली, आणि ती सहसा उरत नाही.

ही बॅग घेऊन हा मुलगा रविवारी सकाळी लोकलमध्ये चढतो. पाठीवरची बॅग पुढे घेणं हा लोकलचा अलिखित कायदा आहे आणि तो मोडणाऱ्याला अख्खा डबा वाचून दाखवतो. बॅग पुढे आली की मागून सडपातळ असलेला तो मुलगा पुढून आठव्या महिन्यात दिसायला लागतो. शेजारचे काका बॅगेच्या कोपऱ्यापासून बरगड्या वाचवत विचारतात, "काय आहे एवढं?"

"लेन्सा."

"चष्म्याचं दुकान आहे का?"

हे 'लागलं तर' केवळ मराठी आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण न्यूयॉर्कला 'वीजी' या नावाने गाजलेला आर्थर फेलिग नावाचा फोटोग्राफर होऊन गेला. खून, आगी, अपघात हा त्याचा रात्रपाळीचा धंदा. पोलिसांचे निरोप ऐकण्यासाठी त्याने परवाना काढून गाडीत रेडिओच बसवून घेतला होता. त्या गाडीच्या डिकीत काय काय असायचं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. जादा कॅमेरा, फ्लॅशच्या बल्बच्या पेट्या, टाइपरायटर, आगीच्या बंबावरचे लोक घालतात तसले बूट, सिगारचे खोके, सलामी, वेषांतराचे कपडे आणि बदलायला आतले कपडे नि मोजे. ही यादी करणाऱ्याची आई आमच्या आईच्या ओळखीची असावी. फरक इतकाच की वीजीला डिकी होती. आपल्याला पाठ आहे, आणि तीही लोकलमध्ये पुढे घ्यावी लागते.

काही महिन्यांत खांदा बोलायला लागतो. मग गळती सुरू होते. तिपाई पहिली जाते. तिची रवानगी करायला पुरातत्त्व खात्याचाही हातभार लागतो, कारण संरक्षित वास्तूत तिपाई उघडायची तर आधी परवानगी लागते, आणि ती काढण्यापेक्षा वास्तू बांधणं सोपं. फ्लॅश अजिंठ्याच्या चित्रांपुढे चालत नाही आणि रस्त्यावर मारला तर समोरचा माणूस चालून येतो, म्हणून तोही कपाटात जातो. मॅक्रोसाठी फूल बोरीबंदरला शेवटपर्यंत दिसत नाही.

सगळ्यात उशिरा जाते ती सत्तर-दोनशे. तिच्यात जीव अडकलेला असतो. तिचा खरा उपयोग लांबचं जवळ आणण्याचा नाही, आपण लांब राहण्याचा. माणसाला विचारायला नको, बोलायला नको, पलीकडच्या फुटपाथवरून चहावाल्याच्या कपाळावरचा घाम टिपता येतो. आपण कुणाला दिसत नाही अशी हिच्यामागे उभं राहणाऱ्याची समजूत असते. प्रत्यक्षात अख्खा चौक त्याच्याकडे बघत असतो. चहावालाही बघत असतो, म्हणूनच तर त्याला घाम फुटलेला असतो.

ती गेली की माणूस एकाच लेन्सवर येतो, आणि मग पन्नास की पस्तीस हा वाद सुरू होतो. या वादात मोठमोठी घराणी आहेत. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं जवळजवळ सगळं काम पन्नासवर झालं, हे एक घराणं. पन्नासवाले कमी बोलतात आणि दोन पावलं मागे उभे राहतात. पस्तीसवाले गर्दीत घुसतात आणि धक्के खातात. एकदा चहाच्या टपरीवर आम्हा दोघा मित्रांचा हा संवाद रंगात आला होता. मित्र सांगत होता, "पंच्याऐंशी सोडले, पन्नासपण सोडले. आता पस्तीसवर समाधानी आहे." बाकावर पेपर वाचणाऱ्या आजोबांनी चष्म्यावरून बघत त्याला धीर दिला, "काठावर का होईना, पास झालास ना? आमच्या वेळी तेवढ्यावर नोकरी लागायची."

याच्याही पुढे अठ्ठावीसवाले असतात. जपानचे दाइदो मोरियामा हे त्यांचं दैवत. टोकियोतल्या शिंजुकूच्या गल्ल्यांतून ते खिशातला रिको कॅमेरा घेऊन हिंडले आणि खरखरीत, वाकडेतिकडे फोटो काढत राहिले. त्या जातीचा जीआर थ्री नावाचा कॅमेरा बॅटरीसकट २५७ ग्रॅम भरतो. पाव किलो आणि वर सात ग्रॅम. अठ्ठावीसवाले, म्हणजे सरळसरळ नापास, आम्हा काठावरच्यांकडे फार तुच्छतेने बघतात.

छोट्या कॅमेऱ्याबरोबर एक विद्याही येते. फोकस करत बसायचं नाही, आधीच करून ठेवायचा. पस्तीसची लेन्स, छिद्र आठावर, अंतर तीन मीटरवर लावलं की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. कॅमेरा डोळ्याला लावला की दाबायचं, बाकी विचार करायचा नाही. हा हिशेब अगदी बरोबर आहे, फक्त तो तुळशीबागेत करून पाहिलेला नाही. तुळशीबागेत कुठलाही माणूस आपल्यापासून दोन मीटरवर नसतो. तो आपल्या पायावर असतो. त्यामुळे तिथल्या फोटोत सात मीटरवरच्या स्टीलच्या डब्यांवरचा भाव लख्ख वाचता येतो आणि पुढची बाई धुक्यात हरवलेली असते. पुण्यातल्या बाजारात या विद्येला एकदाच सुगीचे दिवस आले. करोनाकाळात सरकारने 'दो गज की दूरी' सांगितली तेव्हा. दोन गज म्हणजे एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर, लेन्सच्या हिशेबात जवळपास नेमकं बसणारं. तेव्हा बाजारच बंद होता.

कॅमेरा लपवण्याचे तऱ्हेतऱ्हेचे मार्ग आहेत. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचे. आमच्यातलेही पुष्कळ जण तसं करतात, पण गळ्यात कंपनीचं नाव अक्षरशः पिवळ्या रंगात विणलेला पट्टा तसाच ठेवतात. लाखभर रुपये आपण मोजायचे आणि वर फुकट जाहिरात आपणच छातीवर मिरवायची, हा व्यवहार कुणाच्या डोक्यातून निघाला त्याला मानलं पाहिजे. बॅगेचं तेच. चारी बाजूंनी कप्पे, वर कंपनीचा शिक्का, चोराला लांबून वाचता यावा एवढ्या मोठ्या टायपात. शहाणी माणसं ऑफिसची जुनी बॅग किंवा सरळ बाजाराची कापडी पिशवी वापरतात. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी वर आलेली असेल तर रखवालदारसुद्धा बसून राहतो.

लपण्यातला सगळ्यात मोठा अधिकार मात्र होमाई व्यारावाला यांचा. जन्म १९१३, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मधलं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. दिल्लीत साडी नेसून, अवजड स्पीड ग्राफिक घेऊन त्या सायकलवरून कामाला जायच्या. आता स्पीड ग्राफिक म्हणजे काही खिशात मावणारी वस्तू नाही, चांगली पेटी असते. तरी त्यांना कुणी अडवायचं नाही. बाई उगीच मिरवायला कॅमेरा घेऊन हिंडतेय असं लोकांना वाटायचं, आणि त्यामुळे संवेदनशील ठिकाणीही आपण सहज जायचो, असं त्या पुढे सांगत. लोकांचा गैरसमज हेच ज्यांचं मुख्य उपकरण, त्यांना काळी पट्टी कशाला लागते? तिकडे शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांच्याकडे रोलीफ्लेक्स असायचा. त्यात वरून, पोटाशी धरून, मान खाली घालून बघायचं. मान खाली घातलेल्या बाईचा कुणाला संशय येत नाही. आज ती सोय सगळ्यांनाच झाली आहे. रस्त्यात अख्खी जनता मान खाली घालूनच उभी असते, तिच्यात एक आपण.

इथवर माणसांपासून बचाव झाला. हवापाणी आणि देवदेव यांच्यापासून कॅमेरा वाचवणं हे निराळं शास्त्र आहे.

जेजुरीला सोमवती अमावस्येला जाणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला वाटतं की भंडारा फक्त समोर उधळला जातो. तो वरून, मागून, खालून आणि शेजारच्या फोटोग्राफरच्या अंगावरून येतो. हळद पिठापेक्षा बारीक. झूम लेन्स पुढेमागे केली की ती हवा आत ओढते, आणि जेजुरीच्या हवेत त्या दिवशी हवा कमी आणि हळद जास्त असते. दोन तासांत सेन्सरपर्यंत दर्शन पोचतं. मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, दुरुस्तीवालेही आहेत. त्यातला एक जण स्क्रू काढून आत डोकावतो आणि कुठलीही चौकशी न करता गावाचं नाव सांगतो. पिवळं दिसलं की "जेजुरी." गुलाबी दिसलं की, "जोतिबा? का विसर्जन?" आणि बारीक खरखर ऐकू आली की, "अलिबागला कुणी ठेवायला सांगितला वाळूत?" तीर्थयात्रांचा एवढा सखोल अभ्यास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो स्वतः दुकान सोडून कुठेही गेलेला नाही.

भंडाऱ्यावर आणि पावसावर खरा उतारा म्हणजे साधी प्लॅस्टिकची पिशवी. कॅमेरा आत, लेन्सपुरतं भोक, मनगटाला रबर. दुकानात मिळणारं दोन हजारांचं आवरणही हेच करतं, फक्त त्याला चेन असते. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा पर्यावरणप्रेमी फोटोग्राफरांची मोठीच कुचंबणा झाली. बंदीच्या बाजूने फोटो काढायला भर पावसात जायचं आणि कॅमेरा कापडी पिशवीत भिजवायचा. त्यानंतर घरोघरच्या गादीखालच्या जुन्या, घडी घातलेल्या पिशव्यांना वारसाहक्काचं मोल आलं.

पावसाळ्यात घरात बसून राहिलं तरी सुटका नाही. मुंबई-कोकणच्या हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. आधी एक ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. तिला काचेवरच्या लेपावर आणि धुळीवर छान जगता येतं, आणि जगताना ती जे आम्ल सोडते त्याने काच कायमची कोरली जाते. ऊन दाखवलं तर बुरशी आटोक्यात राहते, म्हणून श्रावणात ऊन पडलं की गच्चीवर सांडग्यांशेजारी लेन्सा दिसायला लागतात. आमच्या एका मित्राने एफ १.८ ची पन्नास दोन्ही झाकणं काढून अशीच उभी ठेवली. भिंग ते भिंगच. काकूंच्या दोरीवरच्या पातळाला काही मिनिटांत अगदी गोल, सुबक भोक पडलं. फोकस अचूक आहे याची खात्री पटली, पण लेन्स विकावी लागली. पातळ पैठणीच्या किमतीने भरून दिलं.

जाणकार घरात ड्राय कॅबिनेट घेतात. काचेच्या दाराचं छोटं कपाट, आत दमटपणा चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारं यंत्र, दारावर हिरवे आकडे. घरातल्या माणसांना पंख्याखाली घाम फुटलेला असतो आणि आत लेन्सा महाबळेश्वरला गेल्यासारख्या बसलेल्या. आईने हे कपाट आठवडाभर पाहिलं. हिरवे आकडे कशाचे ते विचारून घेतलं. पुढच्या आठवड्यात खालच्या कप्प्यात उडदाच्या पापडांची चळत आली. "तुझ्या काचा सादळत नाहीत ना, मग पापडांनी काय पाप केलंय?" आता आमच्याकडे भर जुलैत पापड कुरकुरीत असतो आणि पस्तीसच्या लेन्सला हिंगाचा वास येतो. पापडामुळे फोटोच्या कडा मऊ येतात का, याचं परीक्षण अजून कुठल्या मासिकात आलेलं नाही.

प्रवासात तर सगळ्या जगाचा कॅमेऱ्याशी वाद. विमानात जादा लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात, हा नियम चांगला आहे. तपासणीला मात्र ती बॅग उघडून एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडावी लागते आणि मागे उभ्या असलेल्या अख्ख्या रांगेला आपली मालमत्ता कळते. मागच्या काकांना किंमत विचारायला तेवढा वेळ पुरतो. हॉटेलच्या खोलीत चावीचं कार्ड खाचेत असेल तरच वीज. म्हणजे आपण बाहेर पडलो की बॅटऱ्यांचं चार्जिंग बंद. यासाठी अनुभवी मंडळी लायब्ररीचं जुनं कार्ड बरोबर बाळगतात. बऱ्याच ठिकाणी ते त्या खाचेत चालतं. वाचनाचा प्रसार झाला तो असा.

बाकी कुटुंबाबरोबर निघालं की सोनेरी प्रकाश आणि फुकटचा नाश्ता यांची वेळ एकच येते. इडली, पुरी-भाजी, कापलेली पपई. सूर्य कुणासाठी थांबत नाही, पण हॉटेलातली पुरीही थांबत नाही, आणि पुरीच्या बाजूने सात मतं पडतात. पुढे दिवसभर "आमचा एक काढ की" हे सुरूच. सगळ्या सहलीत हजर असूनही एकाही फोटोत नसलेला जो एक माणूस असतो, त्याच्याविषयी पुढे नातवंडं विचारतात, "आजोबा तेव्हा नव्हते का?"

जुन्या लोकांना सामानाचं बंधन होतं ते किती बरं, असं मला अधूनमधून वाटतं. वडिलांच्या पिढीतला अग्फा क्लिक थ्री आठवा. रोलमध्ये बारा फोटो. बारा फोटोंत काश्मीर, आणि त्यात दोन मावशीच्या साखरपुड्यासाठी राखून ठेवायचे. पुढे छत्तीसचे रोल आले, एखादा सदतिसावा निघाला तर घरात आनंदीआनंद. रोलबरोबर काळ्या झाकणाची डबी यायची. त्या डबीत प्रवासाचं मीठ, कुंकू, सुपारी, सुट्टी नाणी असा संसार चालायचा. मेमरी कार्डाच्या डबीत लवंगसुद्धा मावत नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ साली गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो घ्यायला गेल्या, तेव्हा आधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं आणि मग फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन फुकट गेले. तिसऱ्यात तो फोटो आला. आमच्याकडे सेकंदाला वीस फोटो घेणारी यंत्रं आहेत. गांधीजींचं सूत तुटेपर्यंत आम्ही कार्ड भरलं असतं आणि त्यातला कुठला निवडावा यावर पुढची दोन वर्षं घालवली असती.

अर्थात न बघितलेल्या फोटोंचा ढीग हा काही आपलाच शोध नाही. गॅरी विनोग्रँड १९८४ साली गेले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते. मायरबाईंचं सामान भाडं थकल्यामुळे २००७ साली लिलावात निघालं तेव्हा जगाला त्यांचे लाखावर निगेटिव्ह सापडले. त्यामुळे कपाटातली माझी चार टेराबाइटची हार्ड डिस्क बघून घरात कुणी काही बोललं की मी ही दोन नावं घेतो. घरचे एवढंच विचारतात की लिलाव कधी आहे.

सध्या रविवारी माझ्या कापडी पिशवीत एक छोटा कॅमेरा, त्यावरची पस्तीस, एक जादा बॅटरी, रुमाल, साखरेची रिकामी पिशवी, फुटाणे आणि एक खाकी पाकीट असतं. पाकिटात मागच्या खेपेच्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रती. ज्याचा फोटो त्याला नेऊन द्यायचा. हे पाकीट दाखवलं की 'कुठला पेपर' आणि 'परमिशन' दोन्ही प्रश्न विरघळतात, हा लेन्सांवर लाख रुपये घालवल्यावर दहा रुपयांत लागलेला शोध आहे.

दादरच्या फुलबाजारातल्या एका मावशींना मी त्यांचा फोटो दिला. चांगला फोटो होता. डावीकडे झेंडूच्या टोपल्यांची भिंत, तिच्याआडून मावशींचा अर्धा चेहरा, एक डोळा, कपाळावर तिरपी उन्हाची रेघ. फोटोच्या स्पर्धेत परीक्षकांनी यावर बराच वेळ मान डोलावली असती.

मावशींनी तो हातात धरून पाहिला, उलटा केला, मागे काही आहे का तेही पाहिलं.

"अर्धीच काढली?"

"ते असं... झेंडूच्या मागून..."

"दिसतंय की झेंडू. झेंडू मी रोज बघती. माझी अर्धी बाजू कुठाय? रोल संपला व्हता का?"

मग त्यांनी शेजारच्या गाळ्यावरच्या पोराला हाक मारली. पोराने हातातला शेवंतीचा वाटा खाली ठेवला, पँटला हात पुसले, फोन काढला, मावशींना टोपल्यांपुढे आणून ताठ उभं केलं, पदर सारखा करायला लावला आणि डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो घेतला. फोनने मावशींच्या सुरकुत्या आपणहून पुसल्या, मागच्या टोपल्या आपणहून धूसर केल्या. मावशींनी तो लांब धरून पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या.

"बघ. असा काढत्यात." आणि माझ्याकडे वळून, "ह्यो बी कागदावर आणून दे पुढल्या टायमाला. दोन आण. एक गावाला पाठवायचाय."

मी पोराला माझा नंबर दिला. त्याने फोटो पाठवला आणि विचारलं, "काका, तुमच्या कॅमेऱ्याला झूम किती आहे?"